बाजाराचा अंदाज आणि वहीचा पुरावा

घोटीच्या बाजारपेठेत व्यापारी शहाणपणाची काही वाक्ये वर्षानुवर्षे चालत आली आहेत. भाताला भाव आला की कापड उठते. बाजारच्या दिवशी रिक्षावर भोंगा फिरवला की गल्ला वाढतो. पाड्यावरची उधारी बुडते. ही वाक्ये बाप मुलाला सांगतो, मुलगा दुकानातल्या नोकराला सांगतो, आणि त्यांच्याच भरवशावर मोठमोठे निर्णय होतात: दिवाळीला किती ताके मागवायचे, जाहिरातीवर किती घालायचे, कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे.

या प्रत्येक वाक्यात दोन गोष्टींचा एकमेकींशी ताल्लुक सांगितलेला आहे. भाव आणि विक्री, भोंगा आणि गल्ला, राहण्याचे ठिकाण आणि वसुली. संख्याशास्त्रात अशा बदलत्या गोष्टीला ‘चल’ म्हणतात. दोन चलांत खरोखर संबंध आहे की केवळ योगायोग आहे, हे तपासण्याच्या कसोट्या गेल्या शे-सव्वाशे वर्षांत तयार झाल्या. पूर्वी त्यांसाठी लांबलचक गुणाकार-भागाकार करावे लागत. आता एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क यांपैकी कोणत्याही तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, त्या तयार असतात आणि मोबाइलवरही चालतात. वही लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला लागणाऱ्या तीन कसोट्यांची उजळणी आम्ही येथे करीत आहोत.

एक खुलासा आधीच करतो. लेखात दुकानाचे म्हणून दिलेले आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. पद्धत खरी आहे. वाचकांनी आपापल्या वहीचे आकडे घालून पाहावे.

आधी वही नीट मांडा

तक्त्यात एका ओळीत एकच खाते किंवा एकच दिवस असावा. उधारीसाठी रकाने असे करावेत: खाते क्रमांक, उधारीची तारीख, ठिकाण, रक्कम, ठरलेली मुदत, पैसे आल्याची तारीख, आणि शेवटी ‘वेळेवर’ किंवा ‘उशिरा’. गिऱ्हाइकाचे नाव तक्त्यात घालू नये, क्रमांक पुरतो. मोबाइल दहा हातांत फिरतो आणि कोणाची उधारी किती हे चावडीवर जाता कामा नये.

आकडे इंग्रजी अंकांच्या कळांनी भरावेत. उर्दू किंवा देवनागरी अंक घातले तर तक्ता त्यांना मजकूर समजून बेरजेतून वगळण्याचा धोका असतो. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांचा हात उजवीकडून सुरू होतो, तक्ता डावीकडून. चार दिवसांत सवय होते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की तक्त्यात कोणती खाती घ्यायची? या बाबतीत महाराष्ट्राच्या एका माणसाचे काम लक्षात ठेवण्यासारखे आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. १९३६ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत शेतीच्या संख्याशास्त्राचे काम उभे केले. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने होई. महसूल खात्याचा माणूस उभे पीक नजरेने पाहून रुपयात किती आणे पीक आले ते ठरवी. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी त्याऐवजी पीककापणीच्या प्रयोगांचा आग्रह धरला. शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, झोडायचे आणि वजन करायचे.

सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आखलेला तुकडा फार लहान असला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. दोरीच्या रेषेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून सहज आत धरली जातात, आणि लहान तुकड्यात रेषेचा वाटा मोठा असतो. कोणी लबाडी करीत नाही, तरी आकडा फुगतो.

उधारीच्या आठवणीचेही तसेच आहे. वेळेवर पैसे देणारा मनातून निघून जातो. ज्याच्याकडे चार वेळा तगाद्याला जावे लागले तो दहा वर्षे लक्षात राहतो. म्हणून आठवतील ती खाती घेऊ नयेत. दोन-तीन वर्षांची सगळी खाती घ्यावीत. ते जमत नसेल तर क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून निवडावीत.

योगायोगाचे माप

तिन्ही कसोट्यांत एकच प्रश्न विचारलेला असतो: या दोन गोष्टींत काहीच ताल्लुक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता? उत्तर ० ते १ यांमधील आकड्यात येते. त्याला ‘पी’ मूल्य म्हणतात.

नाण्याचे उदाहरण घेऊ. खरे नाणे चार वेळा उडवले आणि चारही वेळा छाप आला, असे सोळांत एकदा होते, म्हणजे साधारण ६ टक्के. पाचही वेळा छाप आला, असे बत्तिसांत एकदा, म्हणजे ३ टक्के. चार वेळा छाप पाहून माणूस म्हणतो, असेल योगायोग. पाचव्यांदा मात्र तो नाणे हातात घेऊन उलटे-सुलटे करून पाहतो. संख्याशास्त्राने रूढ केलेली ५ टक्क्यांची रेषा या दोहोंच्या मधे आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे ती विशेष रुळली. पी मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले तर संबंध असल्याचा पुरावा मिळाला असे धरतात. जास्त आले तर पुरावा मिळाला नाही एवढेच म्हणायचे. ‘संबंध नाही हे सिद्ध झाले’ असे म्हणायचे नाही. पंचनाम्यात पुरावा नसणे वेगळे आणि निर्दोष ठरणे वेगळे, तसेच हे.

पहिली कसोटी: सहसंबंध

दोन्ही चल मोजण्याचे असतील, उदाहरणार्थ रुपये, मीटर, क्विंटल, मिलिमीटर, तर सहसंबंध काढतात. इंग्रजीत याला कोरिलेशन म्हणतात. उत्तर उणे १ ते अधिक १ यांमध्ये येते. अधिक १ म्हणजे दोन्ही एका सरळ रेषेत एकत्र चढतात. उणे १ म्हणजे एक चढले की दुसरे त्याच प्रमाणात उतरते. शून्याजवळ म्हणजे सरळ रेषेतला संबंध दिसत नाही.

समजा, सहा वर्षांतला भाताचा क्विंटलचा भाव आणि दुकानाची दिवाळीची विक्री अशी आहे:

पहिले वर्ष: भाव १,८०० रुपये, विक्री ६ लाख
दुसरे वर्ष: भाव १,९०० रुपये, विक्री ५ लाख
तिसरे वर्ष: भाव २,००० रुपये, विक्री ७ लाख
चौथे वर्ष: भाव २,२०० रुपये, विक्री ७ लाख
पाचवे वर्ष: भाव २,३०० रुपये, विक्री ९ लाख
सहावे वर्ष: भाव २,४०० रुपये, विक्री ८ लाख

भाव एका रकान्यात आणि विक्री शेजारच्या रकान्यात भरा. रिकाम्या घरात बरोबरचे चिन्ह टाका, मग सी-ओ-आर-आर-ई-एल ही अक्षरे लिहा, आणि कंसात आधी भावांची घरे, स्वल्पविराम, मग विक्रीची घरे दाखवा. उत्तर येते ०.८४.

हा आकडा पुरेसा मोठा आहे का? ते किती जोड्या घेतल्या यावर ठरते. ५ टक्क्यांच्या रेषेसाठी ५ जोड्या असतील तर निदान ०.८८ हवा, ६ असतील तर ०.८१, १० असतील तर ०.६३, १२ असतील तर ०.५८, २० असतील तर ०.४४ आणि ३० असतील तर ०.३६. हा छोटा कोष्टक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावा. आपल्याकडे ६ जोड्या आहेत आणि ०.८४ हा ०.८१ पेक्षा मोठा आहे. म्हणजे बाजाराचे वाक्य पास झाले.

पण येथेच थांबणारा फसतो. भाव आणि विक्री दोन्ही रुपयांत आहेत आणि रुपयांतले बहुतेक आकडे वर्षागणिक चढतच असतात. केंद्र सरकारने साध्या भाताला २०१८-१९ साठी १,७५० रुपये हमीभाव दिला होता आणि २०२५-२६ साठी तो २,३६९ रुपये ठरला. मधल्या एकाही वर्षी तो खाली आला नाही. त्या काळात जी जी वस्तू महागत गेली तिचा हमीभावाशी सहसंबंध भरघोस येईल, मग ती शिवणयंत्राची सुई असो की कटिंग चहा. त्यावरून चहा भाताच्या भावाने महागला असे कोणी म्हणणार नाही. दोघांना एकच महागाई ओढते आहे.

याची तपासणी सोपी आहे. आकडे घेऊ नका, दर वर्षी झालेला बदल घ्या. आपल्या उदाहरणात भावातला बदल शेकड्यांत असा होतो: १, १, २, १, १. विक्रीतला बदल लाखांत असा: उणे १, २, ०, २, उणे १. आता या दोन रकान्यांचा सहसंबंध काढा. उत्तर येते उणे ०.१५, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ज्या वर्षी भावाने सर्वांत मोठी उडी मारली त्या चौथ्या वर्षी विक्री जागची हललीच नाही. ०.८४ पाहून जास्तीचे ताके मागवणाऱ्याचा माल फळीवर राहिला असता.

म्हणून वर्षावर्षांची तुलना करताना शक्यतो रुपये सोडून मीटर, नग किंवा बिलांची संख्या घ्यावी, आणि बदलांचा सहसंबंधही काढून पाहावा. शिवाय दोन रकाने निवडून तक्त्याच्या यादीतून ठिपक्यांचा आलेख, म्हणजे स्कॅटर चार्ट, काढावा. एखादा ठिपका सगळ्यांपासून दूर पडला असेल, जसे टाळेबंदीचे २०२० साल, तर तो एकटाच सगळा सहसंबंध वाकवू शकतो. तो ठिपका ठेवून एकदा आणि काढून एकदा हिशेब करावा.

दुसरी कसोटी: टी

एक चल दोन गटांचा असेल आणि दुसरा मोजण्याचा, तर टी-कसोटी लावतात. ही कसोटी विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. ते डब्लिन येथील गिनेस मद्यकारखान्यात नोकरीला होते आणि मोजक्याच नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढावा ही त्यांची रोजची अडचण होती. थोड्या दिवसांच्या आकड्यांवर निर्णय घेणाऱ्या दुकानदाराची अडचण अगदी तीच आहे.

समजा, दहा आठवडे बाजार घेतले. चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी पाच बाजारांना रिक्षावर भोंगा फिरवला आणि पाचांना फिरवला नाही. चिठ्ठी महत्त्वाची आहे. सणाआधीच्या बाजारांनाच भोंगा फिरवला तर सणाची विक्री भोंग्याच्या नावावर जमा होईल. विक्री हजार रुपयांत अशी आली:

भोंगा फिरवलेले बाजार: ४२, ३८, ४७, ४५, ४३. सरासरी ४३.
न फिरवलेले बाजार: ४०, ३६, ४४, ३९, ४१. सरासरी ४०.

फरक तीन हजारांचा दिसतो. आता बरोबरचे चिन्ह, मग टी, टिंब, टी-ई-एस-टी असे लिहा. कंसात पहिला रकाना, दुसरा रकाना, मग २ आणि पुन्हा २ लिहा. पहिला २ म्हणजे फरक कोणत्याही बाजूचा असू शकतो. दुसरा २ म्हणजे दोन्ही गटांतला चढउतार साधारण सारखा आहे. चढउतार फार वेगळा असेल तर शेवटी ३ लिहावे. उत्तर येते सुमारे ०.१७. म्हणजे भोंग्याचा काही उपयोग नसतानाही एवढा फरक शंभरांत सतरा वेळा दिसला असता. पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ भोंगा फुकट गेला असा नव्हे. पाच-पाच बाजारांत कौल लागत नाही, एवढाच अर्थ. बाजारांतला चढउतार आणि सरासरीचा फरक हाच राहिला आणि वीस-वीस बाजारांचे आकडे जमले, तर हाच तीन हजारांचा फरक कसोटीला सहज उतरेल. घाई करू नये.

आणि उतरला तरी व्यापाऱ्याचा हिशेब संपत नाही. तीन हजारांच्या जादा विक्रीवर १५ टक्के नफा धरला तर ४५० रुपये होतात. रिक्षा आणि भोंग्याचे ६०० रुपये जात असतील तर फरक खरा असूनही दर बाजारी दीडशेचा तोटा आहे. कसोटी फरक खरा आहे का एवढेच सांगते. तो परवडतो का हे रोजमेळच सांगतो.

तिसरी कसोटी: काय-वर्ग

दोन्ही चल गटांचे असतील, म्हणजे मोजायचे नसून फक्त मोजणीत धरायचे असतील, तर कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-वर्ग कसोटी लावतात. उधारीचा प्रश्न या कसोटीचा आहे: ठिकाण घोटी किंवा पाडा, आणि वसुली वेळेवर किंवा उशिरा.

समजा, २०० खाती आहेत. घोटी गावातली १०० आणि आसपासच्या पाड्यांवरची १००. गावातल्या ७० खात्यांचे पैसे वेळेवर आले, ३० चे उशिरा. पाड्यांवरच्या ५० चे वेळेवर, ५० चे उशिरा.

ठिकाणाचा आणि वसुलीचा ताल्लुक नसता तर काय दिसले असते? २०० पैकी एकूण १२० खाती वेळेवर आहेत, म्हणजे शंभरास साठ. तेव्हा दोन्हीकडे ६० वेळेवर आणि ४० उशिरा अशी अपेक्षा होती. कोणत्याही घराची अपेक्षा काढायची रीत अशी: ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज भागिले एकूण बेरीज. आता प्रत्येक घरात प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक १० आहे. त्याचा वर्ग १००. त्याला अपेक्षेने भागून चारही घरांची बेरीज केली की ८.३३ येते. दोन ओळी, दोन रकान्यांच्या तक्त्यासाठी ५ टक्क्यांची रेषा ३.८४ वर आहे. तक्त्यात सी-एच-आय-एस-क्यू, टिंब, टी-ई-एस-टी असे लिहून कंसात आधी प्रत्यक्ष आकड्यांची चार घरे आणि मग अपेक्षित आकड्यांची चार घरे दाखवली की पी मूल्य येते सुमारे ०.००४. हजारांत चार.

बाजार म्हणेल, झाले. आता संगणकानेच सांगितले की पाड्यावर उधार देऊ नका.

पण आता त्याच दोनशे खात्यांचे, उधारी कोणत्या महिन्यात दिली त्याप्रमाणे दोन भाग करू. एक भाग जून ते सप्टेंबर, म्हणजे पावसाळा. दुसरा भाग कापणीनंतरचा.

पावसाळ्यातली उधारी: पाड्यांवरची ७५ खाती, त्यांतली ३० वेळेवर. गावातली २५ खाती, त्यांतली १० वेळेवर. दोन्हीकडे शंभरास चाळीस.
कापणीनंतरची उधारी: पाड्यांवरची २५ खाती, त्यांतली २० वेळेवर. गावातली ७५ खाती, त्यांतली ६० वेळेवर. दोन्हीकडे शंभरास ऐंशी.

बेरजा करून पाहा. पाड्यांचे ३० आणि २० मिळून ५०, गावाचे १० आणि ६० मिळून ७०. तेच आकडे, तीच खाती. पण प्रत्येक भागात गाव आणि पाडा यांत एका खात्याचाही फरक उरला नाही. दोन्ही भागांत काय-वर्ग शून्य येतो. फरक माणसांत नव्हता, मोसमात होता. पाड्यावरचे गिऱ्हाईक जास्त करून पावसाळ्यात उधार घेते आणि गावातले जास्त करून कापणीनंतर, एवढ्यावरून सगळे चित्र फिरले होते. संख्याशास्त्रात या प्रकाराला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

उदाहरण स्पष्ट दिसावे म्हणून आम्ही आकडे नेमके सारखे धरले आहेत. खऱ्या वहीत ते इतके बरोबर जुळणार नाहीत. पण आपल्या भागात असा कल असणे स्वाभाविक आहे. इगतपुरी तालुक्यात शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि गणवेशाचे कापड तेव्हाच लागते. त्यापाठोपाठ भाताची आवणी येते. मागच्या साली भरलेली कणगी तोवर तळाला गेलेली असते आणि नवा भात दिवाळीच्या सुमारास घरात येतो. बागायत नसलेल्या घराच्या हातात मधल्या महिन्यांत रोकड नसते. ही तंगी सरकारलाही ठाऊक आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि नाशिक येथे मुख्यालय असलेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यासाठी खावटी कर्ज देण्याची योजना याच कारणाने निघाली. जूनमध्ये दिलेल्या गणवेशाची मुदत ऑगस्टअखेर ठेवली तर गावातला असो की पाड्यावरचा, ज्याचे घर भातावर चालते तो चुकणारच. मुदत ठरवणाऱ्यानेच ती चुकीच्या महिन्यात ठेवली.

येथे कसोटी इन्साफाच्या कामाला येते. दोनशे खात्यांची बेरीज पाहून पाड्यावरची उधारी बंद केली, तर शाळा सुरू होताना एखादी आई गणवेशाविना परत जाईल, आणि जे पन्नासजण वेळेवर पैसे देत होते त्यांचेही गिऱ्हाईक दुकानदार गमावील. मोसमाचा भाग पाडून पाहिला तर उपाय वेगळा निघतो. पावसाळ्यातल्या उधारीची मुदत भात विकल्यानंतरची, समजा डिसेंबरअखेरची, ठेवावी. तेवढे महिने भांडवल अडकणार हे धरून गणवेशाचा माल तसा बेताने घ्यावा किंवा ठोक व्यापाऱ्याशी लांब मुदत आधीच बोलून घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने तो इन्साफाने लिहिण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. लिहिलेले इन्साफाने वाचणेही त्यातच येते असे आम्ही समजतो.

काय-वर्गाची पथ्ये

पहिले पथ्य: घरात टक्के किंवा रुपये घालू नयेत, खात्यांची संख्याच घालावी. दहांत सात आणि दहांत पाच यांचे टक्के वरच्यासारखेच सत्तर आणि पन्नास आहेत, पण वीस खात्यांवर काय-वर्ग फक्त ०.८३ येतो. त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

दुसरे पथ्य: प्रत्येक घराची अपेक्षित संख्या निदान पाच असावी. कमी असेल तर आणखी खाती जमवावीत.

तिसरे पथ्य: एका घरची तीन खाती असतील तर ती तीन साक्षी नव्हेत. बापाचे, मुलाचे आणि सुनेचे पैसे एकाच भातातून येतात. एका घराचे एकच खाते धरावे.

मोजणी हाताने करण्याची गरज नाही. तक्त्यातील पिव्होट टेबल ही सोय वापरून ‘ठिकाण’ ओळींत, ‘वेळेवर की उशिरा’ रकान्यांत आणि ‘महिना’ गाळणीत टाकला की दोन्ही मोसमांच्या चौकटी तयार मिळतात.

कोणती कसोटी केव्हा

दोन्ही चल मोजण्याचे: सहसंबंध. एक दोन गटांचा, दुसरा मोजण्याचा: टी. दोन्ही गटांचे: काय-वर्ग. एवढे पाठ केले तरी निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम उत्तर आल्यानंतरचे आहे. संबंध दिसला की लगेच कारण सापडले असे समजू नये. दोघांच्या मागे तिसरी कोणती गोष्ट उभी आहे, हे आधी विचारावे. भाव आणि विक्री यांच्या मागे महागाई होती. भोंगा आणि गल्ला यांच्या मागे सण असू शकत होता, म्हणून चिठ्ठी टाकली. ठिकाण आणि वसुली यांच्या मागे मोसम होता. ही तिसरी गोष्ट संगणक स्वतःहून सांगत नाही. ती घोटीच्या पेठेत बसून ज्याने पावसाळे काढले त्यालाच सुचते. व्यापाऱ्याचा तजुर्बा येथे कामाला येतो.

शेवटची सूचना. वीस समजुती एकदम तपासायला घेतल्या, तर एकीतही तथ्य नसले तरी ५ टक्क्यांच्या रेषेने सरासरी एक तरी खरी भासेल. म्हणून मनाला येईल ते दोन रकाने जोडत बसू नये. ज्या समजुतीवर पैसा किंवा कोणाची पत अवलंबून आहे, तीच आधी लिहून काढावी आणि मग तपासावी. पुढच्या वर्षीच्या आकड्यांवर तीच कसोटी पुन्हा लावावी. दोन वर्षे टिकली तर तिच्यावर माल मागवावा.

वाचकांनी सुरुवात उधारीच्या वहीपासून करावी. दोन वर्षांची खाती, सात रकाने आणि दोन मोसम. दुकान बंद केल्यावर रोज अर्धा तास दिला तर पंधरवड्यात काम होते. जूनमध्ये गणवेशासाठी पहिले गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वी आपल्या वहीचा कौल हाती असावा.